जुन्या गाडीचा हेडर इन्सुलीत बनवायचा तर: कारागिरी, कायदा आणि कॉस्टिंग



चॅनलवरच्या भागात पाइप कापताना, टॅक मारताना, वेल्ड करताना हात दिसतात. हिशेब मात्र दिसत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आजचं उदाहरण आहे कस्टम एक्झॉस्ट हेडर, म्हणजे जुन्या गाडीच्या इंजिनासाठी हाताने बनवलेला धूर-नळ्यांचा संच. जागा घेऊया इन्सुली. इन्सुली म्हटलं की बऱ्याच जणांना उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाकाच आठवतो. पण उद्योजकाने नकाशा वेगळ्या नजरेने बघायचा. दारातून राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो, बांदा आणि सावंतवाडी हाकेच्या अंतरावर, पत्रादेवी ओलांडली की गोवा, आणि आंबोली घाट चढला की कोल्हापूर आणि बेळगावचे कारखाने. म्हणजे गिऱ्हाईक एका बाजूला, कच्चा माल दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तुमचं दुकान.

समजा, तुमचं गेट-ग्रिलचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. हात चांगला बसलाय. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात आणि काम कमी होतं. अशा वेळी मनात येतं, "काहीतरी वेगळं करूया." मग कोणीतरी जुनी अँबेसिडर घेऊन येतो आणि विचारतो, "मेस्त्री, ह्येचो मॅनिफोल्ड फुटलो हा. नवीन बनवून गावात?" हो म्हणायचं की नाही? म्हटलं तर किती पैसे सांगायचे? आज हाच प्रश्न सोडवायचा आहे.

१. हेडर म्हणजे नेमकं काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळालेला वायू बाहेर पडतो. कंपनीच्या गाडीत तो ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डमध्ये जमा होतो आणि पुढे सायलेन्सरकडे जातो. ओतीव मॅनिफोल्ड स्वस्त, टिकाऊ, आवाज दाबणारा. पण आतल्या वाटा आखूड आणि अरुंद. एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो.

हेडरमध्ये प्रत्येक तोंडाला स्वतंत्र नळी देतात. या नळ्या पुढे कलेक्टर नावाच्या भागात एकत्र येतात. नळीतून वेगाने गेलेला वायू आपल्या मागे कमी दाब सोडून जातो, आणि तो कमी दाब सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेतो. हा सगळा खेळ नळीची लांबी, व्यास आणि जोडणीचा क्रम यांचा आहे.

गिऱ्हाईक मात्र दोन वेगळ्या कारणांनी येतं. पहिलं कारण, जुना मॅनिफोल्ड तडकला आणि नवा मिळत नाही. दुसरं कारण, गाडी जरा मोकळी पळावी, आवाज जरा भारदस्त यावा. ही दोन गिऱ्हाइकं वेगळी आहेत. पहिल्याला गाडी चालू हवी आहे, दुसऱ्याला हौस भागवायची आहे. दोघांना एकच कोटेशन दिलंत की एक तरी नाराज होणार.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगून टाका. इंजिनात बाकी काही बदललं नाही, तर नुसत्या हेडरने पॉवर फार वाढत नाही. मोजणीचं यंत्र तुमच्याकडे नसेल तर "इतके हॉर्सपॉवर वाढतील" असा आकडा तोंडातून काढायचा नाही. आकडा सांगितलात की तुम्ही बांधले गेलात.

२. हात लावण्याआधी कायदा

मित्रांनो, हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण दुकान बंद पडायचं असेल तर ते इथूनच पडतं.

• मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही.

• केंद्रीय मोटार वाहन नियम १२०. गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. म्हणजे हेडर बनवा, पण त्याच्या पुढे सायलेन्सर हवाच. "सरळ पाइप काढून दे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडायचे.

• कलम १९०(२). आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवरही गदा येते.

• पीयूसी. जुन्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. हेडर बसवल्यावर कार्ब्युरेटर पुन्हा लावून घेतला नाही तर गाडी इथे अडकू शकते.

• व्हिंटेज नोंदणी. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी या नोंदणीला पात्र ठरते. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची नंबर प्लेट मिळते. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अट काय? चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

आता यातला धंद्याचा मुद्दा बघा. एखाद्याची १९६५ ची गाडी आहे. तुम्ही हौसेने झकपक हेडर बसवून दिलात, आणि पुढे नोंदणीच्या वेळी कोणी बोट ठेवलं, तर बिल कोणाच्या नावाचं निघणार? तुमच्या. म्हणून नियम असा ठेवा: काम घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचारायचं, "गाडी व्हिंटेजमध्ये नोंदवलीय का? नोंदवायचीय का?" उत्तर हो असेल तर मूळ आकाराच्या जवळ जाणारा बदली मॅनिफोल्ड किंवा जुन्याची दुरुस्ती सुचवा. हेडरच हवा असेल तर तो बोल्ट काढून उतरवता येईल असा बनवा, हेड किंवा चासी कापू नका, जुना मॅनिफोल्ड खूण करून गिऱ्हाइकाच्या हातात परत द्या आणि त्याची सही घ्या. मगच आरटीओत चौकशी करून पुढे जा.

३. तीन गाड्या, तीन वेगळी कामं

"चार सिलिंडर म्हणजे चार नळ्या" असं समजून कोटेशन देणारा पहिल्याच कामात तोट्यात जातो. आपल्याकडे येण्याची शक्यता असलेली तीन इंजिनं बघूया.

अँबेसिडर. जुन्या पेट्रोल अँबेसिडरमध्ये १,४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन आहे. याला सिलिंडर चार, पण धुराची तोंडं तीनच. सिलिंडर १ चं एक, ४ चं एक आणि मधल्या २ व ३ चं मिळून एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. म्हणजे २ आणि ३ या दोघांमध्ये क्रँकचा एक पूर्ण फेरा जातो, त्यामुळे एका तोंडातून ते एकमेकांना फारसे आडवे येत नाहीत. हेडर बनवताना मधली नळी स्वतंत्र लांब न्यायची, १ आणि ४ च्या नळ्या आधी एकमेकांना जोडायच्या, आणि मग दोन्ही वाटा एक करायच्या. इंजिनानेच अर्धी जोडणी करून ठेवली आहे, आपण त्याचा क्रम पाळायचा.

याच इंजिनात आणखी एक खुबी. इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. एकाच स्टडवरचा जाड वॉशर दोघांचे फ्लँज दाबून धरतो. तुमचा फ्लँज इनलेटच्या फ्लँजपेक्षा जाड किंवा पातळ झाला, तर वॉशर तिरका बसणार आणि एक बाजू गळणार. म्हणून प्लेट कापायला देण्याआधी व्हर्नियरने इनलेटच्या फ्लँजची जाडी मोजायची.

प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची गाडी. इंजिन १,०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत ती अधिकृत टॅक्सी म्हणून धावत नाही. टॅक्सीवाल्यांमुळे टिकून असलेला सुट्या भागांचा बाजार त्यामुळे आटणार, आणि हौशी मालक मात्र गाडी जपणार. धंद्याच्या भाषेत याला संधी म्हणतात. पण इंजिन लहान आहे, नळ्या जाड केल्या तर वायूचा वेग मरतो आणि गाडी घाटात सुस्त होते.

विलिस-महिंद्राची जुनी जीप. यातल्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनात इनलेट मॅनिफोल्ड एक्झॉस्टवरच बोल्टने बसतो आणि त्याची ऊब घेतो. पुढच्या एफ-हेड इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. म्हणजे धुराचा फ्लँज हेडला नाही, ब्लॉकला बसतो. ऊब देणारा भाग काढून टाकलात तर थंड-ओल्या हवेत, आंबोलीच्या पावसात तर नक्कीच, कार्ब्युरेटर कुरकुर करणार. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा.

धडा काय? गाडी बघितल्याशिवाय, बॉनेट उघडून तोंडं मोजल्याशिवाय फोनवर भाव सांगायचा नाही.

४. मापं कशी काढायची

चार वेगळी तोंडं असलेल्या इंजिनासाठी जुन्या ट्यूनिंगवाल्यांचं एक ढोबळ सूत्र आहे.

लांबी (इंच) = ८५० × ईडी ÷ आरपीएम, त्यातून वजा ३

ईडी म्हणजे १८० अधिक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्याआधी जितके अंश उघडतो तितके अंश.

समजा इंजिन १,५०० सीसीचं, व्हॉल्व्ह ५० अंश आधी उघडतो आणि गाडी ५,००० आरपीएमला उत्तम पळावी असं हवंय. ईडी झाला २३०. ८५० × २३० ÷ ५,००० = ३९.१. वजा ३ = ३६.१ इंच, म्हणजे साधारण ९१७ मिमी.

आतला व्यास: एका सिलिंडरचे सीसी (३७५) भागिले (लांबी अधिक ३, म्हणजे ३९.१, गुणिले २५). उत्तराचं वर्गमूळ काढा, २.१ ने गुणा. येतात १.३ इंच, म्हणजे ३३ मिमी.

आता हेच ४,००० आरपीएमसाठी केलंत तर लांबी येते जवळजवळ ४६ इंच. म्हणजे कमी आरपीएमला जोर हवा असेल तर नळी लांब लागते. पण जुन्या गाडीच्या बॉनेटखाली एवढी लांब नळी बसणार कुठे? स्टिअरिंग, स्टार्टर, क्लचची दांडी सगळे वाटेत उभे. म्हणून सूत्र दिशा दाखवतं, शेवटचा निर्णय जागा घेते. चारही नळ्या लांबीने एकमेकींच्या जवळपास ठेवा आणि व्यास तोंडापेक्षा लहान होऊ देऊ नका, एवढं पाळलंत तरी रस्त्यावरच्या गाडीला पुरे.

चार तोंडं, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल आणि चारातून दोन, दोनातून एक असा हेडर करायचा असेल तर जोड्या १-४ आणि २-३ अशाच लावा.

५. माल कोणता घ्यायचा

माइल्ड स्टील की स्टेनलेस? आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस. माइल्ड स्टील लवकर गंजतं. म्हणून सगळे सांगतात स्टेनलेस घ्या. पण थांबा, अर्धं सत्य आहे ते.

लोखंड तापलं की वाढतं. अर्धा मीटर नळी ५०० अंशांनी तापली तर माइल्ड स्टील साधारण ३ मिमी वाढतं, ३०४ स्टेनलेस सव्वाचार मिमी. ही वाढ जायला जागा नसेल तर फ्लँजजवळचा वेल्ड तडकतो. शिवाय स्टेनलेस टिगने वेल्ड करताना नळीच्या आतूनही अरगॉन सोडावा लागतो, नाहीतर आतली बाजू जळून खडबडीत आणि ठिसूळ होते. म्हणजे गॅस जास्त, वेळ जास्त, कौशल्य जास्त.

सुरुवातीला माझा सल्ला: १.६ मिमी जाडीची माइल्ड स्टील नळी, तयार मँड्रेल बेंड, १० मिमी प्लेटचा फ्लँज (वर सांगितलेली इनलेटची जाडी जुळवून) आणि उष्णता सोसणारा रंग. हेडरवर कापडी पट्टी गुंडाळण्याची फॅशन आहे, पण कोकणात ती पट्टी ओल धरून ठेवते आणि आतून पाइप खाते. टाळा.

वाळू भरून पाइप वाकवता येतो, पण बाकावर नळी चपटी होण्याची भीती असते. बेंड विकत घ्या, कापा आणि जोडा. फ्लँजचं लेझर कटिंग कोल्हापूर किंवा बेळगावात करून घ्या. एकदा ड्रॉइंग फाइल तयार झाली की पुढच्या वेळी फक्त फोन करायचा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून दुकानात लावा: जीआय पाइप हेडरला वापरायचा नाही. नळकामाचा उरलेला पाइप सगळ्यांकडे पडलेला असतो, मोह होतो. पण त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये धूर होऊन छातीत जातो, थंडी-ताप भरतो. गाडीवर तापल्यावरही तो थर टिकत नाही.

६. काम पायरी पायरीने

१) फोटो काढा. काम सुरू होण्याआधी बॉनेटखालचे सगळ्या बाजूंनी फोटो. आधीच तुटलेला स्टड, गळणारं तेल, सगळं नोंदवा.

२) गॅस्केटवरून फ्लँजचा साचा घ्या. पुठ्ठ्यावर छापा, इंजिनावर लावून बघा, मग ड्रॉइंग.

३) तारेचा नमुना. ३ मिमी तार वाकवून प्रत्येक नळीची वाट ठरवा. तारेची लांबी मोजली की नळीची लांबी कळते. तार वाया गेली तर दहा रुपये, पाइप वाया गेला तर हजार.

४) जागा सोडा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरिंग, स्टार्टर यांच्यापासून निदान २५ मिमी अंतर. जमत नसेल तर मध्ये पत्र्याचं कवच. इंजिन चालताना रबरवर हलतं, हे विसरू नका.

५) टॅक. फ्लँज इंजिनावर बोल्टने घट्ट, नळ्या जागेवर, फक्त टॅक. पूर्ण वेल्ड गाडीवर करायचं नाही. बॅटरीची वायर आधीच काढून ठेवा, पेट्रोल दूर, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी.

६) पूर्ण वेल्ड जिगवर. जाड प्लेटवर फ्लँज आवळा आणि एकदा या नळीवर, एकदा त्या नळीवर असं आलटून पालटून वेल्ड करा. एकाच बाजूने मारत सुटलात तर फ्लँज केळ्यासारखा वाकतो. थंड होईपर्यंत जिगवरून काढू नका.

७) फ्लँज सपाट करा. सरळपट्टी आणि फीलर गेज लावून बघा. फट दिसली तर ग्राइंडिंग. याला पर्याय नाही, दोन गॅस्केट लावून भागत नाही.

८) गळती तपासा. एका तोंडातून ब्लोअरची हवा सोडा, बाकीची तोंडं बंद करा, साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तिथे पुन्हा वेल्ड.

९) बसवा. नवं गॅस्केट, पितळी नट. पितळी नट स्टडवर गंजून बसत नाहीत, पुढच्या वेळी सुटतात. इंजिन गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, नट पुन्हा आवळा.

१०) कार्ब्युरेटर लावून घ्या. धुराची वाट मोकळी झाली की मिश्रण बदलू शकतं. प्लगचा रंग बघा, पीयूसी काढा, त्याची प्रत फाइलला लावा.

गळतीच्या पायरीवर घाई करणाऱ्यांसाठी एकच वाक्य. इंजिनाजवळ गळणारा धूर फटीतून केबिनमध्ये शिरतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि मागच्या सीटवर कोणाची तरी मुलं झोपलेली असतात.

७. आता खरा विषय: कॉस्टिंग

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. पद्धत माझी घ्या, भाव तुमच्या बाजारातले टाका.

आधी दुकानाचा तासाचा दर काढा. महिन्याचा खर्च:

भाडं ६,०००
वीज ४,०००
मदतनीस १५,०००
मशीनची झीज ५,०००
तुमचा स्वतःचा पगार ३०,०००
एकूण ६०,००० रुपये

पुष्कळ जण शेवटून दुसरी आणि तिसरी ओळ लिहीतच नाहीत. मदतनिसाला पैसे द्यावे लागतात म्हणून ते आठवतात, स्वतःचा पगार "उरेल तो" असा धरतात. मग काहीच उरत नाही. स्वतःचा पगार हा खर्च आहे, नफा नाही.

महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास म्हणजे २०० तास. पण माल आणणं, फोन, चहा, वीज जाणं हे धरून बिल करता येणारे तास साधारण १२०. ६०,००० ÷ १२० = तासाला ५०० रुपये.

एका हेडरचा माल: पाइप आणि बेंड ४,५००, फ्लँज कटिंगसह १,८००, फिलर-गॅस-डिस्क-कलेक्टर २,२००, गॅस्केट-स्टड-नट ९००, रंग ८००, वाहतूक ६००. एकूण १०,८००.

पहिल्या हेडरला, जिग बनवण्यासकट, समजा ३२ तास लागले. ३२ × ५०० = १६,०००. मालासह २६,८००. चुकून एखादी नळी वाया जाईल म्हणून १० टक्के धरा, झाले २९,४८० रुपये. हा तुमचा खर्च. यात नफा अजून नाही.

त्याच मॉडेलचा दुसरा हेडर. जिग तयार, ड्रॉइंग तयार, तास १४. म्हणजे ७,००० अधिक १०,८००, अधिक १० टक्के, एकूण १९,५८०.

आता भाव काय लावायचा?

२२,५०० लावलात तर पहिल्यात ६,९८० चा तोटा. पुढच्या प्रत्येकात २,९२० सुटतात. तोटा भरून निघायला त्याच मॉडेलची आणखी तीन कामं हवीत.

२५,००० लावलात तर पहिल्यात तोटा ४,४८०, पुढच्यात सुटतात ५,४२०. एकाच पुढच्या कामात तोटा भरून निघतो.

बघा मित्रांनो, भावात फरक फक्त अडीच हजारांचा. पण एका भावात तुम्हाला आणखी तीन अँबेसिडर शोधाव्या लागतात, दुसऱ्यात एकच. जुन्या गाडीच्या धंद्यात "आणखी तीन" मिळायला दोन वर्षंही लागू शकतात. या तफावतीत दुकानं बसतात.

यातून तीन नियम निघतात. एक, भाव पहिल्या दिवसापासून पक्का ठेवा, "ओळखीचं काम" म्हणून उतरवू नका. दोन, एकच मॉडेल धरा. आज अँबेसिडर, उद्या जीप, परवा कुठली तरी ब्रिटिश स्पोर्ट्स कार असं केलंत तर प्रत्येक काम पहिलंच काम. तीन, एकट्याच येणाऱ्या दुर्मीळ गाडीला जिगसकट पूर्ण भाव सांगा. परवडलं तर करेल, नाहीतर नमस्कार.

८. कोटेशन आणि जॉब कार्ड

आपल्याकडे गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं: "पैशे किती होतले?" आणि "गाडी कधी गावतली?" दोन्हीची उत्तरं तोंडी देऊ नका. एका कागदावर लिहा:

• काय करणार, कोणता माल, किती जाडीचा.
• काय करणार नाही: इंजिनाची दुरुस्ती, तुटलेला स्टड काढणं, कार्ब्युरेटरचे सुटे भाग. यांचं बिल वेगळं.
• आगाऊ रक्कम ५० टक्के. तुमचा माल त्यातून यावा, तुमच्या खिशातून नाही.
• हमी: वेल्ड तडकला तर एक वर्ष मोफत. गंजाची हमी नाही.
• तारीख, त्यात पावसाचे आणि वाहतुकीचे चार दिवस जास्त धरून.
• जुना मॅनिफोल्ड परत दिल्याची सही.

९. सरहद्दीवरचा जीएसटी

महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. हे ऐकून इन्सुलीतला दुकानदार निवांत बसतो. पण गोवा हे दुसरं राज्य आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. गाडी तुमच्या दुकानात येऊन काम करून गेली हा एक हिशेब, आणि हेडर खोक्यात भरून म्हापशाला पाठवला हा दुसरा हिशेब. पहिला हेडर पाठवण्याआधी सीएकडे एक चक्कर मारा. त्याची फी नंतरच्या दंडापेक्षा कमीच असते.

१०. कर्ज काढून मशीन घ्यायची का?

आत्ता नाही.

माइल्ड स्टीलला मिग मशीन पुरते, ती बहुतेक तुमच्याकडे आहे किंवा घेण्याच्या आवाक्यात आहे. स्टेनलेसचं काम आलं तर टॅक तुम्ही करा, टिग वेल्ड बाहेरून करून घ्या. अशी पाच-सहा कामं झाली, वहीत पैसे आले, मग मशीनचा विचार.

तेव्हा उद्यम नोंदणी (मोफत आहे, कोणाला पैसे देऊ नका) करून जिल्हा उद्योग केंद्रात जा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. पण नीट ऐका: अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. हप्ता तुम्हालाच भरायचा आहे. अनुदान बघून मशीन घ्यायची नाही, ऑर्डर बघून घ्यायची.

११. मग यावर पोट भरेल का?

सरळ उत्तर: फक्त हेडरवर नाही. सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात मिळून जुन्या गाड्यांचे मालक मोजके. पण कसब बघा. पाइपला अचूक बाक देणं, न गळणारा जोड मारणं, तापणारी वस्तू तडकू न देणं, हे कसब फक्त अँबेसिडरला लागत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमार बोटींच्या डिझेल इंजिनांचे धुराचे पाइप खाऱ्या हवेत सडतात. हॉटेलांचे जनरेटर आहेत, काजू कारखान्यांची धुराडी आहेत, ट्रकांचे सायलेन्सर आहेत. रोजची भाकरी या कामांतून येते. हेडर हा तुमच्या दुकानाचा शोकेस आहे. हेडरचा फोटो बघून बोटवाला म्हणतो, "जो ह्या करता, तो माझा पाइप पण करीत." बोटवाला दरवर्षी येतो. अँबेसिडरवाला आयुष्यात एकदा.

म्हणून गेट-ग्रिल बंद करू नका. आठवड्यातला एक दिवस या कामाला द्या.

गृहपाठ

१) तुमच्या दुकानाचा तासाचा दर काढा. स्वतःचा पगार धरून.

२) पन्नास किलोमीटरच्या आतले जुन्या गाड्यांचे मालक, गॅरेजवाले मेस्त्री आणि बोटमालक मिळून ३० जणांची यादी करा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "धुराच्या पाइपचं शेवटचं काम कधी केलं आणि किती पैसे दिले?" "बनवून दिलं तर घ्याल का?" असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात.

३) यादीत एकाच मॉडेलच्या निदान चार गाड्या सापडल्या तरच त्या मॉडेलची जिग बनवा. तीन सापडल्या तर थांबा, चौथी शोधा.

४) भंगारातून त्या इंजिनाचं एक फुटकं हेड मिळतं का बघा. त्याच्यासारखी जिग दुसरी नाही, आणि गिऱ्हाइकाची गाडी तुमच्या दारात दहा दिवस अडकून राहत नाही.

यादी झाली की कमेंटमध्ये फक्त दोन आकडे लिहा: तुमचा तासाचा दर, आणि सापडलेल्या गाड्यांची संख्या. त्या दोन आकड्यांवरून पुढचं पाऊल ठरवू.